भाच्याचं तिसरं मागणं

ओमुरकुलचा डावा डोळा आधीच कामातून गेला होता, आणि गेल्या हिवाळ्यात उजव्यानेही सांगून टाकलं की बारीक कामं आता मला जमायची नाहीत. बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी तेच जरा शास्त्राच्या भाषेत सांगितलं. रस्ता दिसेल, माणसं ओळखू येतील, कुरणावरच्या मेंढ्या दिसतील. पुस्तकांचा नाद मात्र सोडायचा. "अक्षरं बोराएवढी असली तर वाचालही," असं त्या दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "पण तसली पुस्तकं छापतंय कोण?"

ओमुरकुलने सगळी हयात काराकोलच्या वीज उपकेंद्रात काढली. आधी खांबांवर चढून तारा ओढायचं काम, मग गुडघे बोलायला लागल्यावर आत खुर्चीवर बसून काटे बघायचं काम. काटे बहुतेक वेळा जागेवरच असायचे. मग माणूस काय करणार? ओमुरकुल वाचत बसायचा. शहराच्या वाचनालयातली कादंबऱ्यांची कपाटं त्याने वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत दोनदा संपवली. बुरुलचा, त्याची बायको, विचारायची, "तुम्हाला पगार नक्की कोण देतं, वीजवाले की वाचनालयवाले?"

तो बोलका माणूस नव्हता. लग्नाकार्यात चार माणसं जमली की त्याला कोपरा सापडायचा. त्याला जी काय माणसं भेटली, जो काय गप्पांचा भरणा झाला, तो पुस्तकांतच. त्यामुळे डोळे गेल्यावर लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं वाचन बंद झालं, एवढंच. त्याला वाटलं, आपल्याशी बोलणारं सगळं गाव एका दिवसात उठून गेलं. तो भिंतीसमोर बसायचा. बुरुलचा येता-जाता म्हणायची, "भिंतीकडे काय टक लावून बघताय? तिथं काय छापलंय?"

मग बिश्केकहून मुलीचा, आयजार्किनचा, फोन आला. ई-रीडर नावाची एक पाटी मिळते, त्यात पुस्तक असतं आणि अक्षरं पाहिजे तेवढी मोठी करता येतात, असं ती म्हणाली. ओमुरकुलने फोन ठेवला आणि बऱ्याच महिन्यांनी स्वतःहून चहा मागितला.

इथपर्यंत ठीक होतं. घोडं पुढे पेंड खायला लागलं.

कोणता घ्यायचा, यावर घरातले सगळे फोनवरच्या गटात जमले. मुलगा तालाय मॉस्कोत पावाच्या कारखान्यात असतो. त्याने एका दिवसात चार यंत्रांची माहिती पाठवली. "बाबा, या यंत्रात हजारो पुस्तकं मावतात."

"मला एका वेळी एकच वाचता येतं," ओमुरकुल म्हणाला.

"आणि हा दुसरा पाण्यात पडला तरी बिघडत नाही."

"मी पाण्यात कशाला वाचू?"

"तसं नाही बाबा, सोय असलेली बरी."

जावई म्हणाला, या असल्या राखाडी यंत्रांच्या नादाला लागूच नका, सरळ टॅब घ्या. रंगीत असतो, त्यावर बातम्या बघता येतात, नातवाचं तोंड बघता येतं. ओमुरकुलने शेजाऱ्याचा टॅब अर्धा तास मागून आणला. तो उजेड डोळ्यांत असा घुसला, की पान संपायच्या आधी त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. बुरुलचाला वाटलं, गोष्ट दुःखाची आहे.

मग आयजार्किनने ऑफिसातल्या कुणाचा तरी छोटा ई-रीडर बघायला म्हणून बसवाल्याबरोबर पाठवला. तळहाताएवढा. ओमुरकुलने अक्षरं उजव्या डोळ्याला झेपतील एवढी वाढवली, तेव्हा एका ओळीत दोन शब्द उरले. घोडा डोंगर चढायला निघाला ते पहिल्या पानावर, पाय उचलला ते दुसऱ्यावर, टेकवला ते तिसऱ्यावर. वाचणं नव्हतं ते, वाटाणे सोलणं होतं.

आणि पान उलटायचं म्हणजे आणखी एक ताप. काचेला बोट लावलं की पान उलटतं, असं कागदावर लिहिलं होतं. पण ओमुरकुलची बोटं तारांनी घासून घासून चामड्यासारखी झालेली, त्यात एकदा ठिणगीने तीन बोटांची टोकं भाजलेली. काचेला पत्ताच लागेना, की आपल्याला कुणी शिवलं. त्याने बोट हळूच टेकवलं, मग दाबलं, मग घासलं. शेवटी जिभेला लावून टेकवलं, तर एकदम सहा पानं उडाली आणि गोष्टीतलं लग्नच निघून गेलं.

"मला बटण पाहिजे," त्याने मुलीला फोनवर सांगितलं.

"बाबा, बटणं आता कुणी काढत नाही. जुनी गोष्ट झाली ती."

"मीही जुनाच आहे की," असं त्याला म्हणायचं होतं. ते सुचलं तेव्हा फोन ठेवून झाला होता. त्याचं नेहमीच असं व्हायचं. मुलं आठवडाभर आपसांत भांडत राहिली, बॅटरी कुणाची किती टिकते, झाकण फुकट कुठं मिळतं, काळा की पांढरा. ज्याला वाचायचं होतं त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं ते कुणाच्या कानात शिरलं नाही. शेवटी वर्गणी काढून पैसे आले आणि बरोबर निरोप आला, 'बाबा, पांढरा घ्या.'

ओमुरकुल बाजारात गेला. फोनच्या दुकानांच्या गल्लीत हालिचे नावाच्या दुंगान, म्हणजे मूळच्या चिनी मुसलमान, बाईचं दुकान आहे. जाड, हसरी, तोंडाने फटकळ. दुपारची वेळ होती, ती समोर थंड शेवयांचा वाडगा घेऊन बसली होती. तिने वाडगा सरकवून तीन यंत्रं मांडली आणि पाठ केल्यासारखी बोलायला लागली. याची मेमरी एवढी, त्याची तेवढी.

"मला," ओमुरकुल म्हणाला आणि थांबला. "मला बोट लागत नाही."

"म्हणजे?"

त्याने बोट पुढे केलं. हालिचेने ते धरून उलटसुलट बघितलं. "काका, हे बोट आहे की खिळा? आधी सांगायचं ना. मी उगाच घसा कोरडा करतेय."

तिने मांडलेली तिन्ही यंत्रं उचलली आणि टेबलाखालून एक खोका काढला. आतला ई-रीडर मोठा होता, वहीच्या पानाएवढा, मागे एक चरा गेलेला. कुणी डोंगर चढायला आलेल्या परदेशी माणसाने जाताना विकला होता. उजव्या कडेला दोन बटणं होती. खरीखुरी, दाबली की 'टक्' करणारी.

"किर्गीझ पुस्तकं दिसतात का यात?" ओमुरकुलने विचारलं. छोट्या यंत्रात आपली खास अक्षरं आली की त्या जागी रिकामे चौकोन यायचे, जणू ओळीला दात पडलेत.

"बघा की स्वतःच."

त्याने बघितलं. अक्षरं वाढवली, आणखी वाढवली. ओळीत सहा-सात शब्द शांतपणे बसले, चौकोन एकही नाही. यंत्र एका हातात पेलत होतं. काचेचा उजेड चुलीतल्या निखाऱ्यासारखा मऊ होता, डोळ्यात पाणी नाही. त्याने बटण दाबलं. टक्. एकच पान उलटलं. पुन्हा दाबलं. मग आपण कुठं उभे आहोत, हे तो विसरला.

"काका," बऱ्याच वेळाने हालिचे म्हणाली, "माझं जेवण झालं, तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. दुकान बंद करताना तुम्हाला आत ठेवू की बाहेर?"

तो काळा होता. ओमुरकुलने तोच घेतला. हालिचेने वाचनालयाच्या कपाटांतली त्याच्या आवडीची बरीच पुस्तकं त्यात भरून दिली.

"एवढे पैसे टाकून पाटी आणलीत?" बुरुलचाने घरी स्वागत केलं. "तीही कुणीतरी घासलेली." पण पुढचे काही दिवस तिने बघितलं, की म्हातारा वेळेवर जेवतोय, शिट्टी वाजवतोय, आणि एकदा तर गोठ्यात गायीला काहीतरी सांगताना सापडला. तिने पाटीला नावं ठेवणं बंद केलं.

आणि मग साम्साली आला.

साम्साली हा ओमुरकुलच्या बहिणीचा मुलगा. बहीण काल्बूबू वारून बरीच वर्षं झाली. भाचा पन्नाशीचा, घोड्यांचा दलाल, पोट गाडीच्या स्टिअरिंगला लागणारं. आमच्याकडे भाच्याचा मामाच्या घरावर हक्क असतो. आयुष्यात तीन वेळा त्याने हात दाखवावा आणि मामाने ती वस्तू द्यावी. नाही म्हटलं तर मामाचा हात थरथरायला लागतो, असं म्हणतात. आणि थरथरला नाही तरी लोक बघतात, थरथरतोय का ते. म्हणूनच म्हण पडली, भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आले तर परवडले. साम्सालीने विशीत असताना पहिल्या मागण्यात शिंगरू नेलं. लग्नाच्या वेळी दुसऱ्यात ओमुरकुलच्या वडिलांचं चांदीच्या फुल्यांचं खोगीर नेलं. तिसरं मागणं त्याने शिलकीत ठेवलं होतं आणि ते या घरावर वर्षानुवर्षं घारीसारखं घिरट्या घालत होतं.

गल्लीच्या तोंडाशी त्याची जीप दिसली, तशी बुरुलचा सेनापतीसारखी उभी राहिली. "गाय शेजारी नेऊन बांधा. चहाचा समोवार तळघरात. तुमची कोल्ह्याची टोपी द्या इकडे." टोपी गोधड्यांच्या ढिगात गेली. भिंतीवरचा गालिचा उतरला. तिने कानातली काढून पिठाच्या डब्यात टाकली. ओमुरकुल धापा टाकत सामान वाहत होता. शेवटी त्याने टेबलावरचा ई-रीडर उचलला आणि गोधड्यांकडे निघाला.

"ते राहू द्या हो," बुरुलचा म्हणाली. "घर धुऊन नेल्यासारखं दिसतंय. टेबलावर काहीतरी पाहिजे, नाही तर त्याला संशय येईल. ती पाटी कोण मागतंय?"

त्यालाही ते पटलं. राखाडी काच, काळी कड, मागे चरा. त्याने ती परत टेबलावर ठेवली. एवढं शहाणपण आपण कुठून आणलं, असं त्याला नंतर कितीदा तरी वाटलं.

साम्साली पोटभर जेवला. मग त्याने सावकाश खोलीभर नजर फिरवली.

"मामी, घर फार मोकळं झालंय. चोर येऊन गेले की माझी जीप दिसली?"

"काहीतरीच तुझं. वसंत आला, साफसफाई काढलीय."

"वसंत? बाहेर गुडघाभर बर्फ आहे." तो हसला. मग गंभीर झाला. "मामा, आज एक ठरवून निघालो होतो. हे तिसरं मागणं किती वर्षं बाळगायचं? तुमचंही वय झालं, माझंही व्हायला लागलं. उद्या तुम्ही गेलात तर मी कुणाकडे मागू? जे समोर दिसेल ते मागेन आणि विषय मिटवेन." त्याचा जाडजूड हात टेबलाकडे वळला. "हा टॅब द्या. घोड्यांचे सामने बघायला बरा पडेल."

ओमुरकुलने तोंड उघडलं. हा टॅब नाही रे, यात घोडे पळत नाहीत, माझ्या डोळ्याला दुसरं काही चालत नाही, एवढं सांगायला किती वेळ लागतो? दुसरं काहीही माग. टोपी माग, गाय माग. पण समोर जे तोंड होतं त्याला बहिणीचं नाक होतं, बहिणीच्या भुवया होत्या, आणि बुरुलचा टेबलाखालून त्याच्या पायावर पाय देत होती.

"घे," तो म्हणाला.

जीप गल्लीच्या बाहेर पडायच्या आत घरात सणासारखा आनंद झाला. गाय परत आली, समोवार वर आला. बुरुलचा पिठातून कानातली शोधताना गुणगुणत होती. शेजारी अभिनंदनाला आले. "सुटलात, ओमुरकुल. आमच्या चुलत्याची ट्रॅक्टरट्रॉली गेली होती."

आयजार्किन फोनवर म्हणाली, "बाबा, फार स्वस्तात सुटलात."

"मी वाचत होतो त्यावर," ओमुरकुल म्हणाला.

"हो ना. बघू, पुढच्या वर्षी दुसरा घेऊ. पांढरा."

त्याने गोठ्यात जाऊन बादलीला लाथ मारली. बादली रिकामी होती, पण पाय लागला. कुणावर रागवायचं हेच त्याला कळेना. भाच्याचा हक्क होता. बायकोने गाय वाचवली होती. मुलांनी पैसे दिले होते. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि तो पुन्हा भिंतीसमोर येऊन बसला होता.

तो हालिचेकडे जाऊन आला. "भाच्याने नेला?" तिने खेदाने मान हलवली. "मग काय बोलणार. पण बटणांचा तो एकच होता, काका. परत तसा डोंगर चढणारा यायला पाहिजे, आणि त्याचे पैसे संपायला पाहिजेत."

थोड्याच दिवसांत साम्साली पुन्हा दारात उभा राहिला. काखेत ई-रीडर.

"मामा, हे काय आजारी यंत्र दिलंत? रंग नाही, आवाज नाही. घोडा म्हणून टाकला तर 'घोडा' असं लिहून येतं. नको मला. घ्या परत."

ओमुरकुलचे दोन्ही हात पुढे झाले. ते यंत्रापर्यंत पोचायच्या आत मध्ये बुरुलचा आली.

"थांब, बाळ. हे परत घेतलं, तर तुझं मागणं झालं की नाही झालं?"

साम्साली विचारात पडला. "तसं बघितलं तर झालं नाही."

"म्हणजे ते पुन्हा शिलकीत राहिलं."

"राहिलं असंच म्हणावं लागेल. मी सोडलं म्हणालो तरी लोक म्हणणार, मामाने दिलेलं परत घेतलं."

"तेच म्हणते मी. दिलेलं दिलं. घेऊन जा, नीट वापर."

"अगं, पण मला वापरता येत नाही."

"शिकशील हळूहळू."

हात पुढे केलेला म्हातारा दोघांच्या मध्ये उभा होता. दोन वितीवर ती बटणं दिसत होती. त्याने काहीतरी म्हणायला श्वास घेतला.

"तुम्ही गप्प बसा," बुरुलचा म्हणाली, "तुम्हाला व्यवहार कळत नाही."

साम्साली वैतागून निघून गेला. यंत्र त्याच्या घरी फडताळावर पडून राहिलं, लगाम आणि घोड्याच्या मलमाच्या डब्यांशेजारी.

मग ओमुरकुलने ठरवलं, की वस्तू इकडे येत नसेल तर माणसाने तिकडे जावं. वाचायला घर स्वतःचंच लागतं असं कुठं आहे? दोन दिवसांनी तो बर्फ तुडवत गावाच्या दुसऱ्या टोकाला साम्सालीकडे गेला. पण मामा घरी येणं ही काही साधी गोष्ट नव्हे. साम्सालीच्या बायकोने, जीपारने, त्याला दाराच्या समोरच्या मानाच्या जागेवर तीन गाद्या घालून बसवलं. जेवणाचं कापड, दस्तरखान, अंथरलं, कणकेचे तळलेले बोर्सोक ओतले, साय, जॅम, मध. ओमुरकुलने भीत भीत यंत्र मागितलं, ते मिळालंही. त्याने पहिली ओळ वाचली, तशी जीपारने चहाची वाटी पुढे केली. अर्धीच भरलेली, मान द्यायचा तर वाटी अर्धीच भरायची, म्हणजे पाहुणा पुन्हा पुन्हा मागतो. दोन घोटांत ती संपायची, तिचा हात पुढे यायचा. साम्साली शेजारी मांडी ठोकून बसलेला. "मामा, त्या तांबड्या घोड्याचं सांगितलं का तुम्हाला?" ओळ, वाटी, घोडा. ओळ, वाटी, घोडा. तेवढ्यात मांस शिजून आलं. मामासमोर मेंढ्याचं डोकं ठेवलं, ते कापून वाटायचं काम मामाचंच. हात चरबीने माखले. घरी परत येईपर्यंत त्याचं अर्धं पानही झालं नव्हतं, आणि भाच्याचा एक मेंढा कमी झाला होता.

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच, फक्त मेंढ्याऐवजी कोंबडी. ओमुरकुल परतताना वाटेत स्वतःशीच बोलायला लागला. जीपारही थकली होती, हे त्याच्या लक्षात यायचं; पण ती थांबणार कशी? मामा बसलाय आणि वाटी रिकामी, असं कुणी ऐकलं असतं तर तिचं माहेर काढलं असतं.

चौथ्यांदा तो गेला तेव्हा दस्तरखान अंथरलेलं होतं. ओमुरकुल तीन गाद्यांवर बसला. त्याने पावाचा लहानसा तुकडा मोडून तोंडात टाकला, कारण पाव चाखल्याशिवाय राहायचं नसतं. जीपारने पहिली वाटी भरायला घेतली. साम्सालीने घोड्यासाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात ओमुरकुलने दोन्ही तळहात वर धरले. आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला.

"या घरात बरकत असो, मुलंबाळं सुखी असोत, घोडे धष्टपुष्ट असोत. ओमिन."

आणि त्याने तळहात चेहऱ्यावरून खाली फिरवले.

जीपारची वाटी हवेतच राहिली. जेवण संपल्यावर बसलेल्यांतल्या सगळ्यात थोरल्या माणसाने आशीर्वाद द्यायचा, आणि तो दिला की जेवण संपलं. मग कुणी घासही घ्यायचा नाही, ओतायचं तर नाहीच. साम्सालीचे हात सवयीने आपसूक चेहऱ्यावर गेले होते. तो बोटांच्या फटीतून मामाकडे बघत राहिला.

"मामा, अजून सुरुवात झाली नाही."

"झाली आणि संपली."

"मग आता तर उठायचं असतं."

"तुम्ही उठा," ओमुरकुल म्हणाला. "मी पाहुणा होतो तो गेला. आता मी नुसता बसलोय. ते यंत्र दे आणि माझ्याशी बोलू नकोस, बाळ. माझा एक डोळा गेलाय, दुसऱ्याचं काही खरं नाही. तांबडा घोडा चांगला असेल. मला तो ऐकायचा नाही."

एवढी वाक्यं त्याने एका दमात या घरात कधी म्हटली नव्हती. बोलून झाल्यावर त्याचे कान तापले, आणि आता आपल्याला हाकलून देतील असं त्याला क्षणभर वाटलं. साम्सालीने बायकोकडे बघितलं. बायकोने दस्तरखान चार कोपऱ्यांनी उचललं. मग भाचा उठला, फडताळावरून ई-रीडर काढला, त्याच्यावर सांडलेलं मलम आपल्या बाहीने पुसलं आणि मामाच्या हातात दिला.

दोघं स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले.

"रागावले का ते?" जीपारने हळूच विचारलं.

"काय माहीत. आयुष्यात पहिल्यांदा बोलले."

"मांस चढवलंय मी."

"काढून ठेव. आशीर्वाद झालाय, आता तू आणि मी काय करणार."

ओमुरकुलला सगळं ऐकू येत होतं. मांसाचा वासही येत होता, आणि खरं तर त्याला भूक लागली होती. त्याने मान वर केली नाही. अक्षरं हवी तेवढी मोठी केली आणि बटण दाबलं.